'ती फुलराणी' ज्याच्या नाटकावरून आलं, त्या शॉचं एक नाटक इंग्लंडने तीस वर्षं अडवून ठेवलं होतं

पुलंची 'ती फुलराणी' आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. ती जॉर्ज बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून आली, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण हा गडी त्याआधी काय काय करून बसला होता?

शॉ १८५६ साली डब्लिनमध्ये जन्मला. पोरवयातच एका जमीनजुमल्याच्या ऑफिसात कारकून म्हणून चिकटला. गरीब भाडेकरूंकडून भाडं गोळा करायचं कामही त्याच्याकडे होतं. १८७६ला तो लंडनला आला. पाच कादंबऱ्या लिहिल्या, प्रकाशकांनी परत पाठवल्या. पुढे समाजवादी फेबियन सोसायटीत गेला.

१८९२ला पहिलं नाटक आलं, 'विडोअर्स हाउसेस'. विषय काय, तर झोपडपट्टीच्या भाड्यावर जगणारी सभ्य माणसं. भाडेवसुलीचा अनुभव कामाला आला म्हणायचा.

खरा राडा झाला तो 'मिसेस वॉरन्स प्रोफेशन'वरून. केंब्रिजला शिकलेल्या पोरीला कळतं की आपली फी आईच्या कुंटणखान्यांतून भरली गेली. त्या धंद्यात एका सरदाराचेही पैसे आहेत. आणि आईची बहीण? ती 'इज्जतीची' नोकरी करत होती. आठवड्याला नऊ शिलिंगवर शिशाच्या कारखान्यात राबून शिशाच्या विषाने मेली.

तेव्हा इंग्लंडमध्ये नाटकाला लॉर्ड चेंबरलेनची परवानगी लागायची. ती नाकारली गेली. १९०२ला फक्त सभासदांसाठी खासगी प्रयोग झाला. १९०५ला न्यूयॉर्कमध्ये पोलिसांनी प्रयोग बंद पाडला, प्रकरण कोर्टात गेलं.

इंग्लंडमध्ये जाहीर प्रयोग झाला थेट १९२५ला. त्याच वर्षाचं नोबेलही शॉला मिळालं. १९५०ला, ९४व्या वर्षी तो गेला. लॉर्ड चेंबरलेनचा तो अधिकार मात्र १९६८पर्यंत टिकला.