डॉ. मेबल आरोळे: गावाच्या आरोग्याची मोजणी गावाच्या हाती देणाऱ्या डॉक्टर

एखादी सेवाभावी संस्था गावात आरोग्याचे काम करते. तिच्या कामाचा उपयोग झाला का, हे कसे ओळखायचे? शिबिरे किती झाली, गोळ्या किती वाटल्या, हे आकडे सहज मिळतात. पण बाळे दगावण्याचे प्रमाण घटले का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी कोणती माहिती, कोणाकडून आणि कशी गोळा करायची हे आधी ठरवावे लागते. जामखेडच्या डॉ. मेबल आरोळे यांच्या जीवनकार्यातून हा विषय चांगला समजतो.

दवाखान्यात न दिसणारे आजारी

मेबल यांचा जन्म 1935 साली जबलपूरचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकताना त्यांची ओळख डॉ. रजनीकांत आरोळे यांच्याशी झाली. 1960 साली दोघांनी लग्न केले आणि खेड्यात काम करायचे ठरवले. पुढे अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात ते रुजू झाले.

तिथे त्यांना एक गोष्ट खटकू लागली. जुलाब, कुपोषण, बाळंतपणातील गुंतागुंत अशा टाळता येण्याजोग्या आजारांचे रुग्ण पुन्हा पुन्हा येत. बरे होऊन जात, पण ज्या परिस्थितीने आजार झाला तिथेच परतत. शिवाय दवाखान्याच्या नोंदवहीत फक्त दारापर्यंत पोहोचलेल्यांचीच नावे असतात. घरीच दगावलेले बाळ त्या वहीत येत नाही. म्हणजे नोंदवही खोटी नसते, पण ती संपूर्ण गावाचे चित्र दाखवत नाही.

जामखेडची सुरुवात

अमेरिकेत पुढील प्रशिक्षण आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन दोघे परतले. 1970 साली त्यांनी जामखेड येथे 'कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट' सुरू केला. बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेला हा भाग सतत दुष्काळाच्या छायेत असे. 1972 च्या दुष्काळाने तर पिण्याचे पाणी आणि मुलांचे अन्न हेच आरोग्याचे पहिले प्रश्न ठरवले.

सुरुवातीला प्रशिक्षित नर्सने गावात राहून काम करावे अशी कल्पना होती. ती फारशी जमली नाही. मग गावानेच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. यांपैकी बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि अनेक जणी दलित समाजातील होत्या. मेबल यांनी त्यांच्या प्रशिक्षणात स्वतः मोठा वाटा उचलला.

माहिती कोणी गोळा करायची?

बाहेरून आलेला माणूस घरात किती बाळे दगावली असे विचारतो, तेव्हा खरे उत्तर मिळेलच असे नाही. कुष्ठरोगासारखा आजार तर लपवलाच जातो. गावातलीच बाई मात्र कोणाला दिवस गेलेत, कोणाचे मूल वाळत चालले आहे, हे जाणते. त्यामुळे जन्म, मृत्यू, गरोदर स्त्रिया, मुलांचे वजन आणि लसीकरण यांची माहिती तिच्यामार्फत जमू लागली.

याचा दुसरा फायदा असा, की माहिती कागदोपत्री पडून राहिली नाही. शेतकरी मंडळे आणि महिला मंडळांत तिच्यावर चर्चा होई. ज्या घरातले मूल वजनात मागे आहे, तिथे लगेच जाता येई.

या पद्धतीला एक मर्यादाही आहे. जी काम करते तीच मोजते, तेव्हा नकळत आकडे चांगले दिसू शकतात. म्हणून अशा नोंदींना दुसऱ्या मार्गाने पडताळावे लागते.

आकडे कसे वाचायचे?

प्रकल्पाच्या नोंदींनुसार 1971 मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे 176 अर्भके पहिल्या वर्षात दगावत. 1976 पर्यंत हे प्रमाण 52 वर आले. मात्र 'आधी' आणि 'नंतर' एवढ्याच तुलनेवर थांबू नये. त्या काळात राज्यभरातही बालमृत्यू कमी होत होते. मग त्यातला किती भाग प्रकल्पाचा?

याचे उत्तर शोधायला शेजारची, प्रकल्प नसलेली गावेही पाहावी लागतात. असा एक अभ्यास 2010 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही प्रकारच्या गावांतील स्त्रियांकडून त्यांच्या सर्व गरोदरपणांची माहिती घेण्यात आली. प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळला. खरा फरक याहून बराच कमी किंवा जास्त असू शकतो, हेही अभ्यासकांनी स्पष्ट केले. तरीही प्रकल्पाच्या दाव्याला स्वतंत्र आधार मिळाला.

हे पाहायला मेबल नव्हत्या. 1979 चा मॅगसेसे पुरस्कार पतीसोबत स्वीकारलेल्या आणि 1994 साली दोघांच्या नावे 'जामखेड' हे इंग्रजी पुस्तक लिहिणाऱ्या मेबल यांचे 1999 मध्ये निधन झाले.

आपल्या संस्थेने काय लक्षात घ्यावे?

- आधी प्रश्न ठरवा, मग पद्धत. किती मुलांना लस मिळाली हे नोंदींतून कळते. बाकीच्यांनी का घेतली नाही, हे घरी बसून बोलल्यावरच कळते.
- काम सुरू होण्याआधीची स्थिती नोंदवा. ती नंतर आठवणीतून नीट उभी करता येत नाही.
- लहान गावाच्या दरावरून घाईने निष्कर्ष काढू नका. वर्षाला 25 जन्म होणाऱ्या गावात एका बाळाच्या मृत्यूने दर हजारी 40 ने बदलतो. अनेक गावांची, अनेक वर्षांची माहिती एकत्र करा.
- काही घरांची तपासणी त्या गावात काम न करणाऱ्या व्यक्तीकडून करून घ्या.
- संमती घ्या, आणि आजाराची माहिती नावासह जाहीर करू नका.
- जी माहिती वापरणार नाही, ती विचारू नका. उत्तर देणाऱ्या बाईचा रोज बुडत असतो.