मोरगावची लेक, कोसबादची ताई

पुण्याहून सोलापूर रस्त्याने वरवंडला निघाले की गाव येण्यापूर्वी चौफुला लागतो. तिथून उजवीकडे फुटणारा रस्ता सुप्यावरून मोरगावला जातो. मयूरेश्वराच्या दर्शनाला या वाटेने असंख्य माणसे जातात. पण १७ मार्च १९१० रोजी याच मोरगावात अनुताई वाघ जन्मल्या, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते.

वयाच्या तेराव्या वर्षी अनुताईंचे लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आयुष्य सरायचे. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी बरीच वर्षे शिकवले. बरे चालले होते. तरीही १९४५ मध्ये ताराबाई मोडकांची गाठ पडली आणि पस्तिशीतल्या या बाईंनी शहरातली स्थिर नोकरी सोडून ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीची वाट धरली. ताराबाई त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठ्या. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम करून आलेल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुले येईनात. तेव्हा बालवाडीच उठून मुलांच्या अंगणात गेली. अंगणवाडी ती हीच! झाडाखाली बसायचे, मुलांची नखे काढायची, केस विंचरायचे, आंघोळ घालायची आणि मग गाणी-गोष्टी. महागडी मॉन्टेसरी साधने कुठून आणणार? शंख-शिंपले, बिया, पाने, माती यांवरच भागवले. या उघड्यावरच्या शाळेचा एक फायदा असा, की दाराशी काम करणारी आई सारे पाहत असे. मार न देताही मूल ऐकते, त्याला हाताने काही करू दिले की ते रमते, हे तिला कोणी व्याख्यान देऊन सांगावे लागत नव्हते.

१९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर, वारली वस्त्यांत गेले. तिथली आई दिवसभर मजुरीला. धाकटे भावंड मोठ्या बहिणीच्या कडेवर, त्यामुळे बहिणीची शाळा बुडालेली. अशा आईला बालसंगोपनाचे धडे द्यायचे तरी कधी? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. बहीण वर्गात, तान्हे शेजारी पाळण्यात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. आज शहरांत पालकांसाठी शुल्क घेऊन शिबिरे भरतात; त्यांत वावगे काही नाही. पण आईला वेळ नसेल तर तिला दिलेला सल्ला हा तिच्या डोक्यावर ठेवलेला आणखी एक हंडाच, असे आम्हाला वाटते. कोसबादला आधी तिच्या कडेवरचे ओझे उतरवले गेले.

स्वतःचे मूल नसलेली बाई आयांना काय शिकवणार, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात आला नसेल असे नाही. अनुताईंनी त्याला कामानेच उत्तर दिले. बालवाडी चालवणाऱ्या बायका त्यांनी तयार केल्या, शिक्षकांना आणि पालकांना समजेल अशा साध्या भाषेत लिहिले.

ऑगस्ट १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. तोवर सत्तरी उलटली होती, तरी त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. ग्राममंगल संस्था काढून दाभोणच्या जंगलात नवे काम मांडले होते. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज वरवंडसारख्या गावात अंगणवाडीताई वजनकाट्यावर मूल ठेवते, आईला तक्त्यावरची रेघ दाखवते, घरी काय खाऊ घालतेस म्हणून विचारते. मोरगाव तिथून फार दूर नाही.