साडेतीन महिन्यांचे पंतप्रधान

मंडळी, मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान साताऱ्याचे होते, ठाऊक आहे? आजच्या मुख्यमंत्र्यांसारखंच ते पद. नाव सर धनजीशा कूपर. सातारारोडच्या कारखान्यात त्यांचे लोखंडी नांगर बनत. तुमच्या आज्या-पणज्यानं वापरलेही असतील.

राजकारणात ते ब्राह्मणेतर पक्षाचे. जिल्ह्यात त्यांचा मोठा दबदबा. चळवळीपेक्षा सरकारात बसून कामं करून घ्यावीत, ही त्यांची रीत.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसला सर्वांत जास्त जागा मिळाल्या. आपल्या कराडचे तरुण यशवंतराव चव्हाण काँग्रेसच्या आत्माराम पाटलांसाठी गावोगाव फिरले. पण गव्हर्नर कारभारात हात घालणार नाही, या हमीवाचून काँग्रेस मंत्रिमंडळ बनवेना. तेव्हा गव्हर्नरांनी कूपरांना बोलावलं. बहुमत नसताना १ एप्रिलला ते गादीवर बसले. काँग्रेस राजी होताच जुलैत पायउतार झाले. बाळासाहेब खेर आले. कूपर १९४७ साली वारले.

हुशारी कमी नव्हती, कारभारही ठाऊक होता. पाठीशी सभागृह नव्हतं. सरपंच मंडळींनो, एवढं ध्यानात ठेवा: वरच्याच्या मर्जीनं खुर्ची मिळाली, तरी ठरावाला हात वर करणारे सदस्य आपले आपणच जोडावे लागतात.