काड्यापेटीपासून झुकझुकगाडीपर्यंत

कर्जतहून लोकलने नेरळकडे निघाले की डाव्या हाताला माथेरानचा डोंगर सोबत येतो. आमच्या दहिवलीच्या मुलांना त्याचे अप्रूप नाही. माझी आजी उमेदीच्या वयात करवंदा-जांभळांची पाटी डोक्यावर घेऊन तो डोंगर चढत असे. गाडीचे तिकीट पाटीच्या कमाईत बसत नसे, म्हणून ती त्या गाडीत कधी बसली नाही. गाडी कोणी बांधली असे लहानपणी विचारले, तेव्हा ती म्हणाली होती, असेल कुणी गोरा साहेब! मलाही कालपरवापर्यंत तसेच वाटे.

पण ती गाडी साहेबाची नव्हे. ती सर आदमजी पीरभॉय या दाऊदी बोहरा व्यापाऱ्याच्या पैशातून झाली. आदमजींचे घराणे काठेवाडातील धोराजीचे, आणि घरची गरिबी. वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी ते मुंबईत आले आणि रस्त्यावर काड्यापेट्या विकू लागले, असे सांगतात. शाळा-कॉलेजचे शिक्षण नाही, पाठीशी कुणी नाही. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्याला हा भाग पुन्हा पुन्हा वाचावासा वाटला, हे कबूल करतो.

पुढे त्यांना लष्कराची कंत्राटे मिळाली. इंग्रजांच्या फौजेला तंबू हवे होते, बूट हवे होते, चामड्याचे सामान हवे होते. आदमजींनी ते पुरवले. धारावीला त्यांचा चामडे कमावण्याचा मोठा कारखाना उभा राहिला. त्यांची संपत्ती साम्राज्याच्या लढायांवर वाढली, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 1897 साली ते मुंबईचे शेरीफ झाले, 1907 साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. दानधर्मही त्यांनी पुष्कळ केला. चर्नी रोडला समुद्राच्या वाऱ्यावर त्यांनी बांधलेले सॅनिटोरियम प्रसिद्ध आहे.

आता माथेरान. 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर मॅलेट चौकच्या बाजूने वर चढले आणि माथेरान ‘सापडले’. (तेथे आधीपासून वावरणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना ते कधी हरवलेले नव्हते!) मुंबईच्या उन्हाळ्याला कंटाळलेल्या साहेबांचे, पारशी आणि बोहरा शेठजींचे बंगले तेथे होऊ लागले. रेल्वेने नेरळपर्यंत येता येई, पण तेथून पुढे तट्टू, पालखी नाहीतर स्वतःचे पाय. म्हणजे एका माणसाची विश्रांती दुसऱ्याच्या खांद्यावरून वर जात असे.

या डोंगरावर रेल्वे नेण्याची कल्पना आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची. 1900 च्या सुमारास त्यांच्या मनाने ती घेतली. 1904 साली काम सुरू झाले आणि मार्च 1907 मध्ये गाडी धावू लागली. खर्च आला सुमारे सोळा लाख रुपये. त्या काळचे सोळा लाख! सरकारने न केलेले काम एका बापाने मुलाच्या ध्यासाखातर केले. आपल्याकडे सगळे श्रेय वडिलांना दिले जाते. माझ्या मते निम्मे तरी मुलाचे आहे. पैसा बापाचा असला तरी डोंगराशी झुंज मुलाने घेतली.

ही झुंज साधी नव्हती. सुमारे वीस किलोमीटरच्या वाटेत गाडीला अडीच हजार फुटांच्या आसपास चढायचे होते. काही ठिकाणी तर वीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा चढ आहे. म्हणून रूळ दोनच फूट रुंदीचे ठेवले, की अवघड वळणे घेता यावीत. घोड्याच्या नालेसारखी वळणे घेत गाडी डोंगराला वळसे घालते. इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाईन आणि कोपेल कारखान्याची होती. पुढे डिझेलची इंजिने आली. हे सगळे कागदोपत्री सापडते. ज्यांनी कातळ फोडला, माती वाहिली, त्यांची नावे मात्र मला कोठेही मिळाली नाहीत. त्यात आमच्या तालुक्यातले हात असणारच, असे मला वाटते.

गाडी सुरू झाल्यावर अवघ्या सहा वर्षांनी, 1913 साली, आदमजी वारले. स्वातंत्र्यानंतर त्यांची रेल्वे देशाच्या मालकीची झाली. 2005 च्या जुलैच्या पावसाने रूळ वाहून गेले, ते 2007 मध्ये पुन्हा जोडले गेले. 2019 च्या पावसाने पुन्हा मार्ग बंद पडला आणि 2022 च्या ऑक्टोबरात नेरळहून गाडी परत वर गेली. माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा मात्र या गाडीनंतरही शंभर वर्षांहून अधिक काळ टिकल्या. त्या सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो 2025 च्या ऑगस्टात.

मागच्या सुटीत मी आजीला गाडीने वर नेले. जुम्मापट्टीपर्यंत ती गप्प होती. मग खिडकीतून बोट दाखवून म्हणाली, ही बघ आमची पायवाट. आणि ती रुळांना कुठे कुठे आडवी येते, ते तिने माथेरान येईपर्यंत एकेक करून मोजून दाखवले.