बटाट्यातला श्वास : डॉ. कमला सोहोनी
मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. शास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरीही यंदाच्या अंकासाठी एका शास्त्रज्ञ स्त्रीचे चरित्र लिहावयास घेतले, कारण त्यांनी ज्या प्रश्नात हात घातला तो मुळात जमाखर्चाचाच आहे. सजीवांना शक्ती मिळते कोठून आणि ती खर्च होते कशी, हा तो प्रश्न; आणि त्या शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत कुटुंबात झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. थोर लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या वडील भगिनी. रसायन व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन कमलाबाई १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. पुढील संशोधनासाठी त्यांनी बंगळूरच्या त्याच संस्थेकडे अर्ज केला. तेथे त्या वेळी संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला. गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर अर्जदार मुलगी होती म्हणून!

कमलाबाई घरी बसल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या आणि संचालकांच्या कार्यालयापाशी सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष केवळ परीक्षेचे. संचालकांचे समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही. आणि त्यांच्यामुळे इतरांचे लक्ष विचलित होता कामा नये. आमच्या भाषेत सांगायचे तर त्यांचे नाव वर्षभर कच्च्या वहीतच राहिले. श्री. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. त्यांची निष्ठा पाहून रामन यांचे मत पालटले, आणि पुढे मुलींना त्या संस्थेचे दार उघडले. १९३६ साली कमलाबाई एम.एस्सी. झाल्या.

त्यानंतर त्या केंब्रिजला गेल्या. तेथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत प्रथम डॉ. रिक्टर व मग डॉ. रॉबिन हिल यांच्यासमवेत त्यांनी काम केले. येथे विषय थोडा उलगडून सांगतो.

वनस्पतीची हिरवी पाने सूर्यप्रकाशात कर्बवायू व पाणी यांपासून साखर तयार करतात आणि प्राणवायू बाहेर सोडतात. हे प्रकाशसंश्लेषण. ही झाली जमा. पानांतील हरितकण वेगळे काढले तरी प्रकाशात ते प्राणवायू देतात, हे हिल यांनी त्याच सुमारास दाखवून दिले होते. आता खर्चाची बाजू. तीच साखर पेशीत प्राणवायूच्या साहाय्याने मोडते व शक्ती मोकळी होते. हे श्वसन.

माझे घर सुरतजवळच्या पांडेसरा येथे आहे. घरात कानडी, शाळा मराठी, गल्लीत गुजराती-हिंदी. आमच्या भागातील कापड रंगविण्याच्या गिरण्यांत बॉयलर असतात. त्यांत कोळसा एकदम जळतो व मोठी उष्णता निघते. पेशीत असे झाले तर पेशीच भाजून निघेल. म्हणून तेथे शक्ती पायरीपायरीने मोकळी होते. मोठी नोट मोडून सुटे पैसे घ्यावेत तशी ती एटीपी नावाच्या द्रव्यात साठते व लागेल तशी वापरली जाते. या पायऱ्यांवर विद्युत्कण हातोहात पुढे देणारे लोहयुक्त प्रथिन म्हणजे सायटोक्रोम-सी.

प्राणी व यीस्ट यांत सायटोक्रोम असते हे तेव्हा ठाऊक होते. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करीत असता वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते, हे दाखवून दिले. जमिनीखाली अंधारात वाढणारा बटाटा पानांनी मिळविलेल्या शिलकीवर जगतो आणि आपल्यासारखाच श्वसन करतो! झाडे केवळ रात्री श्वसन करतात असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती अहोरात्र श्वसन करतात. अवघ्या ४० पानांचा प्रबंध लिहून १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळविली.

परदेशी न राहता त्या त्याच वर्षी स्वदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेज, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे त्यांनी काम केले. १९४७ साली श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. पुढे त्या या संस्थेच्या संचालक झाल्या. पण हे पदही त्यांना उशिरानेच लाभले. डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर संशोधन केले व तिच्यातील जीवनसत्त्वे आणि लोह गरिबांच्या मुलांना उपयोगी पडू शकतात, हे सिद्ध केले. हिवाळ्यात सकाळी सुरतेत नीरा पिणाऱ्या आम्हा लोकांना यातील किती जणांना हे नाव ठाऊक असेल? १९६६ साली मुंबईत ग्राहकांच्या हितासाठी संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही त्या होत्या.

१९९८ साली दिल्लीत त्यांच्याच सत्काराच्या समारंभात त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांची प्राणज्योत मालवली.

माझी धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. तिला विज्ञान शाखेकडे जायचे आहे. मुलीला एवढा खर्च कशाला, असे नातेवाईक म्हणतात आणि वडील गप्प बसतात. मी हिशेब शिकतो म्हणून एवढेच सांगेन की, खर्चाच्या रकान्याकडे पाहणाऱ्याने जमेचा रकानाही वाचावा. १९३३ साली ते दार बंदच राहिले असते तर नुकसान एकट्या कमलाबाईंचे झाले नसते. हा लेख छापून आला की पहिली प्रत मी वडिलांच्या हाती देणार आहे.