उपहासास उत्तर देणारा उपदेशक ओरिगेन

पुनरुत्थानाचा सण जवळ आला म्हणजे आमच्या खेड्यांतील उपदेशकांस एक प्रश्न हटकून ऐकावा लागतो. पारावर किंवा बाजारात चार माणसे जमली असता कोणी शिकलासवरलेला गृहस्थ हसत विचारतो की, मेलेला मनुष्य कधी उठतो काय, आणि तुमच्या येशूस उठलेला पाहिला तरी कोणी? ऐकणारे हसतात. अशा वेळी आमच्यातील एखादा रागावून बोलतो. एखादा मान खाली घालून घरी येतो, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या मनात येते की, आपण अडाणी, त्या शिकलेल्याचेच खरे नसेल कशावरून? रागापेक्षाही ही गोष्ट वाईट, कारण राग सकाळी निवतो, पण असा संशय मनात घर करितो. अशा बंधुभगिनींकरिता आज आम्ही एका पुरातन उपदेशकाचे चरित्र सांगत आहो. हाच प्रश्न त्याच्यापुढे सुमारे पावणेअठराशे वर्षांपूर्वी आला होता.

ओरिगेनचा जन्म इ. स. १८५ च्या सुमारास मिसर देशातील आलेक्सांद्रिया शहरी झाला. हे शहर मोठे बंदर असून ग्रीक विद्येचे माहेरघर होते. त्याचा पिता लिओनिदस हा निष्ठावंत ख्रिस्ती होता. ग्रीक विद्येचे पाठ आरंभण्यापूर्वी तो मुलाकडून दररोज शास्त्रातील उतारे पाठ करवून घेई. मुलगा वचनांचा खोल अर्थ विचारू लागला म्हणजे पिता वरवर रागे भरे, परंतु मनात देवाचे उपकार मानी. मूल निजल्यावर तो त्याची छाती उघडी करून, हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे अशा भावनेने तिचे चुंबन घेई, असे युसेबियस या प्राचीन इतिहासकाराने लिहून ठेविले आहे.

इ. स. २०२ मध्ये सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याच्या कारकिर्दीत मिसरातील मंडळीचा मोठा छळ झाला. लिओनिदस तुरुंगात पडला. ओरिगेनचे वय तेव्हा सतरा वर्षांचेही नव्हते, तरी पित्याबरोबर मरावयास जाण्याचा त्याने निश्चय केला. आईच्या विनवण्यांचा उपयोग होईना, तेव्हा तिने त्याचे सर्व कपडे लपवून ठेविले व अशा रीतीने त्यास घरात अडकविले. मग त्याने पित्यास पत्र धाडले आणि आमच्याकडे पाहून आपला निश्चय बदलू नका असे कळविले. लिओनिदसाचा शिरच्छेद झाला, मालमत्ता सरकारजमा झाली, आणि विधवा आई व सहा धाकटे भाऊ यांचा भार या मुलावर पडला. शिकवण्या करून त्याने तो उचलला.

छळामुळे शहरात बाप्तिस्म्याच्या उमेदवारांस शिक्षण देण्यास कोणी उरले नव्हते. तेव्हा वयाच्या अठराव्या वर्षी हे काम ओरिगेनकडे आले, व बिशप देमेत्रियस याने त्यास त्या शाळेचा प्रमुख नेमिले. ही शाळा आम्हांस अगदी परकी नाही. तिचा पूर्वीचा एक प्रमुख पँटीनस हा शुभवर्तमान घेऊन हिंदुस्थानपर्यंत गेला होता असे युसेबियस सांगतो. मात्र त्या काळी ते नाव नेमक्या कोणत्या प्रदेशास लावीत, याविषयी विद्वानांत मतभेद आहे.

ओरिगेनने आपले ग्रीक ग्रंथ विकून टाकिले आणि खरेदीदाराकडून मिळणाऱ्या रोजच्या चार ओबोल नाण्यांत आपला गुजारा चालविला. तो जमिनीवर निजे व अनवाणी चाले. त्याचे कित्येक शिष्य धरले जाऊन ठार झाले. त्यांपैकी हेरायस नावाची स्त्री तर अद्याप बाप्तिस्म्याची उमेदवारच होती. ओरिगेन तुरुंगात त्यांची भेट घेई, न्यायासनापुढे त्यांच्याजवळ उभा राही, आणि वधस्थानाकडे जाताना सर्वांदेखत त्यांचा निरोप घेई. यामुळे जमावाने त्यास कित्येकदा जवळजवळ ठारच केले होते. पुनरुत्थान हा त्याच्या शाळेत केवळ पाठ करण्याचा धडा नव्हता. आज तो शिकणारा उद्या त्याच्याच आधारावर मरणास सामोरा जात असे. हा आधार पोकळ असता तर या कोवळ्या जिवांस फसविल्याचे पाप प्रथम गुरूच्याच माथी आले असते, आणि हे ओरिगेन पक्के जाणून होता.

पुढे तो पालेस्तिनातील कैसरिया येथे जाऊन राहिला. तेथे त्याने शाळा चालविली व पुष्कळ ग्रंथ रचिले. आंब्रोस नावाच्या सधन मित्रास त्याने पाखंडी मतातून सत्याकडे आणिले होते. या मित्राने लघुलेखक व नकलनवीस पुरविले. इ. स. २४८ च्या सुमारास ओरिगेनने साठी ओलांडली असता त्याच मित्राने त्याजकडे एक जुना ग्रंथ धाडून उत्तर लिहिण्याची विनंती केली.

तो ग्रंथ सेल्सस नामक तत्त्वज्ञाने सुमारे सत्तर वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्माविरुद्ध लिहिला होता. सेल्सस विद्वान होता आणि त्याची लेखणी तिखट होती. ख्रिस्ती लोक म्हणजे लोकर पिंजणारे, मोची, परीट आणि अडाणी गावंढळ, जे शहाण्यांपुढे तोंड उघडीत नाहीत पण बायकामुलांस आडबाजूला गाठून उपदेश करितात, अशी त्याने टवाळी केली. पुनरुत्थानावर तर त्याचा विशेष रोख होता. पाताळात जाऊन परत आल्याच्या कथा ग्रीकांतही पुष्कळ आहेत, त्यांत ही एक, असे तो म्हणे. येशूस उठलेला पाहिला तो एका भ्रमिष्ट बाईने व तिच्यासारख्या कोणी, आणि त्यांस स्वप्न पडले असेल, मनातल्या इच्छेने भास झाला असेल, किंवा त्यांनी थाप मारिली असेल. येशू खरोखर उठला असता तर ज्यांनी त्यास दोषी ठरविले त्यांसच तो का दिसला नाही? आणि कुजलेले शरीर परत मिळावे ही आशा तर किड्यांनाच शोभणारी आहे. वाचकहो, पारावरचा प्रश्न याहून काही निराळा आहे काय?

ओरिगेनला उत्तर लिहिण्याची प्रथम हौस नव्हती. खोट्या साक्षीदारांपुढे प्रभू स्वतः मौन राहिला, आणि त्याच्या खऱ्या शिष्यांचे आचरण हेच त्याच्या वतीने उत्तर देत आहे, असे त्याने आरंभीच लिहिले. तरीपण विश्वासात जे अशक्त आहेत त्यांचे पाय घसरू नयेत म्हणून त्याने आठ भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने एक प्रामाणिक रीत पाळिली. शत्रूचा आक्षेप प्रथम त्याच्याच शब्दांत मांडावयाचा आणि मग उत्तर द्यावयाचे. सेल्ससाचा मूळ ग्रंथ पुढे नाहीसा झाला, आणि आज त्याचे जे काही आपणांस वाचावयास मिळते ते ओरिगेनच्या ग्रंथामुळेच होय.

पुनरुत्थानाविषयी त्याची उत्तरे थोडक्यात येणेप्रमाणे आहेत. ग्रीक कथांतील वीर लोकांच्या नजरेआड होऊन पुन्हा प्रकट झाले, म्हणून ते दडून बसले होते असे म्हणता येते. प्रभू तर सर्व लोकांदेखत वधस्तंभावर मरण पावला, तेव्हा त्याच्या मरणाविषयी असा संशय घेण्यास जागा नाही. दुसरे, शिष्यांनी ही गोष्ट रचिली असती तर तिच्याकरिता त्यांनी आपला जीव धोक्यात घातला नसता, व मरणाला भिऊ नका असे दुसऱ्यांस धैर्याने शिकविलेही नसते. येथे आम्ही एवढे जोडतो की, खोट्या मताला खरे समजून त्यासाठी मरणारी माणसे जगात आहेत. परंतु शिष्य एखाद्या मतासाठी नव्हे, तर आम्ही त्यास पाहिले या साक्षीसाठी दुःख सोसीत होते, आणि ही साक्ष खरी की खोटी हे त्यांचे त्यांस ठाऊक होते.

तिसरे, निजलेल्यास स्वप्न पडते व वेडगळास भास होतो, परंतु शुद्धीवर असलेल्या अनेक माणसांस दिवसाढवळ्या असे घडत नाही, आणि ती बाई भ्रमिष्ट होती असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. थोमा तर सहजासहजी मानणारा नव्हता, त्यास जखमा पाहावयाच्या होत्या. शिवाय आमच्या मते ही कथा रचलेलीच असती, तर ज्या काळी स्त्रीच्या साक्षीस फारशी किंमत नव्हती त्या काळी रचणाऱ्यांनी मग्दालीया मरीयेस पहिली साक्षीदार केलेच नसते. चौथे, प्रभूचे गौरव पाहण्याची शक्ती सर्वांच्या डोळ्यांत नव्हती. डोंगरावर त्याचे रूपांतर झाले तेव्हाही त्याने तिघांसच बरोबर नेले होते. तथापि पेत्र, बारा जण, पाचशेंहून अधिक बंधू, याकोब आणि शेवटी पौल एवढ्यांस तो दिसला. यांतील पौल हा मंडळीचा छळ करणारा होता, हे विसरू नये.

किड्यांच्या आशेविषयी ओरिगेनने प्रेषित पौलाचा बियांचा दाखला पुढे केला. कुजलेले मांस जसेच्या तसे परत येते असे आमचे म्हणणे नाही, तर पेरलेल्या दाण्यास देव त्याचे अंग देतो तसे तो विनाशी शरीराच्या जागी अविनाशी देतो. जो शेतकरी दरवर्षी ज्वारीचा दाणा मातीआड करून कणसाची वाट पाहतो, त्यास हा दाखला तत्त्वज्ञापेक्षा अधिक लवकर कळेल. आणि मोची व परीट यांच्या टवाळीस त्याचे उत्तर असे होते की, तत्त्वज्ञ हे श्रीमंतांच्या पंगतीसाठी मसालेदार पक्वान्ने करणाऱ्या आचाऱ्यासारखे आहेत, परंतु ख्रिस्ताचे सेवक बहुजनसमाजास पचेल व बळ देईल असे अन्न शिजवितात.

ग्रंथ लिहून झाल्यास दोन वर्षे होतात न होतात तोच त्याच्या लेखणीची परीक्षा झाली. इ. स. २५० मध्ये सम्राट डीसियस याच्या हुकुमाने सर्वांनी देवतांस बळी अर्पून तसा दाखला घ्यावा असे ठरले. ओरिगेनचा मित्र, यरुशलेमाचा वृद्ध बिशप अलेक्झांडर, कैसरियाच्या तुरुंगात मरण पावला. ओरिगेनच्या गळ्यात लोखंडी कडे घालून त्यास अंधारकोठडीत टाकिले. त्याचे पाय खोड्यात चार भोकांपर्यंत ताणून पुष्कळ दिवस ठेविले. जाळून टाकण्याची धमकी दिली. त्याने विश्वास नाकारावा हा हेतू असल्यामुळे त्याचा जीव जाऊ नये याचीही दक्षता न्यायाधीशाने घेतली. ओरिगेनने नाकारिले नाही. डीसियस इ. स. २५१ मध्ये लढाईत मेला व ओरिगेन सुटला, परंतु शरीर खचले होते. पुढे थोड्याच वर्षांनी, सत्तरीच्या आत बाहेर असता, त्याचा अंत झाला.

ओरिगेनची सर्वच मते मंडळीने मान्य केली नाहीत. आत्मे जन्मापूर्वीच अस्तित्वात होते यासारखी त्याची काही मते पुढे निषिद्ध ठरली, व इ. स. ५५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने त्याच्या नावाचा निषेध केला. हे लपविण्याचे कारण नाही. थोर शिक्षकही चुकतो. प्रभू मात्र चुकत नाही. परंतु पुनरुत्थानाची जी साक्ष त्याने सेल्ससापुढे ठेविली ती त्याची एकट्याची नव्हती. ती प्रेषितांची होती, आणि ती आजही उभी आहे.

यास्तव, बंधूंनो, पारावर कोणी हसला तर रागावू नका, आणि मान खालीही घालू नका. प्रश्न शांतपणे पुरता ऐकून घ्या, कारण सेल्ससाचे शब्द ओरिगेनने टाळिले नाहीत. मग जे पाहिलेल्यांनी सांगितले तेच साध्या भाषेत सांगा. एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर येत नाही असे कबूल करा, व आपल्या पाळकास विचारून पुढच्या बाजारी पुन्हा जा. आणि मनात हे धरून ठेवा की, विचारणारा घरी गेल्यावर आपले बोलणे कदाचित विसरेल, परंतु आपल्या घरी मूल दगावले असता, साथ आली असता किंवा भाऊबंदांनी वाळीत टाकिले असता आपण कसे वागलो हे तो विसरणार नाही. लिओनिदसाच्या मुलाने आठ भागांचा ग्रंथ लिहिला खरा, पण त्याचे शेवटचे उत्तर त्याने खोड्यात पाय असताना दिले.