छत्रपती शाहू : बंदिवास आणि बंदिवानांशी वर्तन

सातारच्या गादीचे संस्थापक छत्रपती शाहू (१६८२–१७४९) यांच्या चरित्राचा विचार बहुधा पेशवाईच्या उदयाची पार्श्वभूमी म्हणून केला जातो. त्यामुळे या चरित्रात आरंभापासून अखेरपर्यंत आढळणारे कैदेचे सूत्र काहीसे दुर्लक्षित राहिले आहे. शाहूंचे वडील शत्रूच्या कैदेत मारले गेले. ते स्वतः वयाच्या आठव्या वर्षी कैद झाले व साडेसतरा वर्षे कैदेत राहिले. त्यांच्या आईची सुटका जवळजवळ तीस वर्षांनी झाली. पुढे राजा या नात्याने त्यांच्याही हाती अनेक बंदिवान आले. या बंदिवानांशी शाहूंनी जे सौम्य वर्तन ठेवले त्याचे श्रेय बखरकार त्यांच्या पुण्यशील स्वभावाला देतात. परंतु घटनाक्रम नीट पाहिला असता ही सौम्यता उपजत गुण म्हणून नव्हे, तर हळूहळू घडत गेलेली राजनीती म्हणून समोर येते. तिचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शाहूंचा जन्म १८ मे १६८२ रोजी माणगावजवळील गांगवली येथे झाला. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले आणि त्याच वर्षी ११ मार्चला औरंगजेबाच्या आज्ञेने हालहाल करून त्यांचा वध करण्यात आला. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला व येसूबाई आणि बाल शाहू बादशाही छावणीत दाखल झाले. एकाच बादशहाने पित्याला आणि पुत्राला दिलेल्या वागणुकीतील अंतर लक्षणीय आहे. शाहूंना राजा हा किताब आणि सात हजारी मनसब मिळाली. बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने त्यांचा ममतेने सांभाळ केला. परंतु ही केवळ दया नव्हती. मराठ्यांशी चाललेल्या युद्धात शाहू हे बादशहाच्या हातातील मोहरे होते. १७०३ मध्ये त्यांच्यावर धर्मांतराचा प्रसंग आला, तेव्हा प्रतापराव गुजरांचा पुत्र खंडेराव याने स्वतः धर्मांतर स्वीकारून तो निभावून नेला. बंदिवानाचा मान राखता येतो आणि तो मान राखतानाच त्याचा उपयोगही करून घेता येतो, हे शाहूंनी जाणत्या वयात या छावणीतच पाहिले.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर मे १७०७ मध्ये शाहजादा आझम याने शाहूंना सोडले. मात्र येसूबाई, पत्नी सावित्रीबाई व बंधू मदनसिंग यांना ओलीस म्हणून मागे ठेवून घेतले. दक्षिणेत आल्यावर शाहूंनी खुलताबाद येथे जाऊन औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतले. पित्याच्या मारेकऱ्याच्या कबरीपाशी जाणाऱ्या या राजाविषयी अनेकांना आश्चर्य वाटत आले आहे. याच प्रवासात पारद गावाने त्यांना विरोध केला आणि त्या चकमकीत गावचा लोखंडे पाटील मारला गेला. त्याच्या विधवेने आपले मूल शाहूंपुढे आणून ठेवले. शाहूंनी ते स्वीकारले व विजयाची खूण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंग ठेवले. अक्कलकोटचे भोसले घराणे याच मुलापासून सुरू झाले.

ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईत ताराबाईंच्या पक्षाचा पराभव झाला आणि शाहू सातारच्या किल्ल्यापाशी आले. किल्ला परशुराम त्रिंबक प्रतिनिधींकडे होता व त्यांच्या हाताखाली शेख मिरा हा हवालदार होता. त्याचे कुटुंब वाईस होते. शाहूंनी त्या बायकामुलांना पकडून आणले व किल्ला न दिल्यास त्यांना तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिली, असे परंपरा सांगते. शेख मिराने प्रतिनिधींना कैद करून किल्ला स्वाधीन केला. मुलांना इजा झाली नाही, आणि पुढे या घराण्याला वाईजवळील पसरणी इनाम मिळाली. तथापि ज्या वेळी शाहूंची स्वतःची आई आणि पत्नी मोगलांकडे ओलीस होत्या, त्याच वेळी त्यांनी दुसऱ्याच्या बायकामुलांना ओलीस धरावे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी ओलीस ठेवणे निषिद्ध मानले. अठराव्या शतकात तसा निर्बंध नव्हता, हे खरे. पण ओलीस होण्याचे दुःख शाहूंना कोणत्याही करारावाचून ठाऊक होते. म्हणूनच वाईच्या प्रसंगाला केवळ काळाचा दोष म्हणून सोडून देणे योग्य ठरत नाही.

१२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंना साताऱ्यात राज्याभिषेक झाला. परशुरामपंत कैदेत होते. पुढे त्यांना पद मिळाले, परंतु त्यांचा पुत्र विरुद्ध पक्षास मिळाल्यामुळे ते पुन्हा बंदीत पडले. या वेळी त्यांना अत्यंत कठोर शिक्षा ठरली होती आणि खंडो बल्लाळांच्या मध्यस्थीने ती टळली, असे सांगितले जाते. पंत सुटले, त्यांना प्रतिनिधिपद पुन्हा मिळाले व त्यांच्यानंतर पुत्र श्रीपतराव शाहूंचा अत्यंत विश्वासू सरदार ठरला. क्रोधाच्या भरात दिलेली शिक्षा मागे घेतल्यास राज्याला माणसे मिळतात, हा धडा शाहूंना येथे मिळाला असावा. पुढील वर्तनात त्याचा प्रत्यय येतो. दमाजी थोराताने बेलभंडाऱ्याची शपथ मोडून बाळाजी विश्वनाथांना पकडले तेव्हा शाहूंनी खंडणी भरून त्यांना सोडवले. खटावचा कृष्णराव बंड करून पराभूत झाला, तरी त्याच्या घराण्याकडे खटावचे इनाम राहू दिले. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या दिल्ली मोहिमेनंतर येसूबाई साताऱ्यास परतल्या.

या नीतीची खरी कसोटी वारणेच्या काठी लागली. बत्तीस शिराळ्याच्या उदाजी चव्हाणाने शाहूंवर चार मारेकरी घातले. ते शाहूंसमोर येताच गडबडले आणि शाहूंनी त्यांना जीवदान देऊन परत पाठवले, अशी हकीकत बखरींत येते. उदाजीला कोल्हापूरच्या संभाजी महाराजांचा पाठिंबा असल्याने १७३० मध्ये युद्ध जुंपले. श्रीपतराव प्रतिनिधींनी संभाजींच्या छावणीवर हल्ला चढवला व राजस्त्रियाही हाती लागल्या. शाहूंनी संभाजींची माता राजसबाई व पत्नी जिजाबाई यांना सन्मानाने परत पाठवले. त्यानंतर कऱ्हाडजवळ जखिणवाडी येथे दोन्ही बंधूंची भेट झाली. १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर या दोन राज्यांच्या सीमा निश्चित झाल्या. वारणा नदी आजही सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांची सीमा म्हणून वाहते. स्त्रिया ओलीस ठेवल्या असत्या तर अधिक प्रदेश पदरात पडला असता. पण भेटीगाठी आणि तह या मार्गाने भाऊबंदकी मिटली नसती. वाईत जे साधन वापरले ते वारणेवर हाती असूनही वापरले नाही, यातच तेवीस वर्षांतील अंतर दिसते.

पकडलेल्यांत ताराबाईही होत्या. १७१४ पासून त्या पन्हाळ्यावर सवतीच्या पक्षाच्या कैदेत होत्या. त्यांनी परत जाण्याऐवजी साताऱ्यास राहणे पसंत केले. शाहूंनी त्यांची योग्य व्यवस्था लावली, पण त्यांच्यावर नजरही ठेवली. मान आणि पहारा यांचा हा मेळ झीनतुन्निसाच्या छत्राखालील बाल शाहूंची आठवण करून देतो. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू निवर्तले आणि पुढच्याच वर्षी ताराबाईंनी त्यांचे वारस रामराजे यांना सातारच्या किल्ल्यावर कैद केले. शाहूंची रीत त्यांच्या व्यक्तिमत्त्वाशी निगडित होती. ती राज्याची स्थायी परंपरा झाली नाही, हे यावरून स्पष्ट होते.

शाहूंचे चरित्र लिहिणारे मल्हार रामराव चिटणीस हे खंडो बल्लाळांच्याच वंशातले. त्यामुळे मध्यस्थीची व क्षमेची वर्णने वाचताना अभ्यासकाने सावध राहणे अगत्याचे आहे. तरीही फत्तेसिंगाचे घराणे, प्रतिनिधींचा उत्कर्ष आणि वारणेचा तह ही वस्तुस्थिती बखरीच्या शैलीवर अवलंबून नाही. बखरकारांनी दोषरहित राजाचे चित्र काढले. वाईचा प्रसंग त्या चित्रात परत आणल्याने शाहूंची थोरवी उणावत नाही. उलट वारणेकाठचा संयम हा स्वतःच्या पूर्ववर्तनावर मिळवलेला विजय होता, हे ध्यानात येते.